‘क्लाउट’ या शब्दाचा नेमका अर्थ : वशिला, वजन की आणखी काही?

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार. शिकागो शहराच्या स्वच्छता विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या दीर्घ मुलाखतीचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. त्यात ते कामाच्या पहिल्या दिवसाची आठवण सांगतात. सकाळी सहा वाजता ते आगारात हजर झाले, मुकादमाने त्यांचा नेमणुकीचा कागद हातात घेतला, कागदापेक्षा जास्त वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला. शब्दशः मराठी केले तर तो प्रश्न ‘तुझा क्लाउट कोण?’ असा होतो. या तीन शब्दांपाशी माझे काम चार दिवस अडून आहे.

इंग्रजी-मराठी कोशांत या शब्दापुढे प्रभाव, वजन, दबदबा असे अर्थ मिळतात. ते चुकीचे नाहीत. वृत्तपत्रांत ‘अमुक नेत्याचा दिल्लीत क्लाउट आहे’ अशा अर्थाचे वाक्य आले, तर ‘वजन आहे’ हे भाषांतर चपखल बसते. पण मुकादमाचा प्रश्न ‘किती’ असा नाही, ‘कोण’ असा आहे. प्रभावाला ‘कोण’ म्हणून कोणी विचारत नाही. म्हणजे शिकागोच्या बोलीत हा शब्द गुणाचे नाव न राहता माणसाचे नाव झाला आहे, आणि तो माणूस बोलणाऱ्यापेक्षा वेगळा, त्याच्या मागे उभा असलेला आहे.

शब्दाचा इतिहास पाहिला, तर तो मला वाटला होता त्याहून फार जुना निघाला. जुन्या इंग्रजीत ‘क्लूट’ म्हणजे ठिगळ, मग ते कापडाचे असो, चामड्याचे असो किंवा धातूच्या पत्र्याचे. त्यावरून पुढे क्लाउट म्हणजे चिंधी, फडके, असा अर्थ रूढ झाला. मे महिना सरेपर्यंत अंगावरचा एकही क्लाउट उतरवू नये, अशी इंग्लंडमध्ये म्हण आहे. तिथे क्लाउट म्हणजे कपडा. ‘हॅम्लेट’मध्ये ट्रॉयची राणी हेक्युबा हिचे वर्णन येते, की काल ज्या मस्तकावर मुकुट होता त्यावर आज क्लाउट आहे. छतावर पत्रा किंवा डांबरी नमदा ठोकण्यासाठी जो आखूड, रुंद आणि चपट्या डोक्याचा खिळा वापरतात, त्याला इंग्रजीत आजही क्लाउट खिळा म्हणतात. आपल्याकडचा सुतार त्याला नुसता चपट्या डोक्याचा खिळा म्हणेल. धनुर्विद्येत दूर जमिनीवर अंथरलेल्या कापडी लक्ष्याचे नावही क्लाउटच होते, आणि इंग्लंडमध्ये १८० यार्डांवरून क्लाउटवर बाण सोडण्याची स्पर्धा अजून होते.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते १६११ च्या इंग्रजी बायबलमधल्या एका प्रसंगाने. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाने भरलेल्या विहिरीत सोडलेले असते. राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कुशी अधिकारी राजाकडे जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकतो, राजा तीस माणसे बरोबर देतो, आणि एबद-मलेख जुने टाकून दिलेले क्लाउट आणि कुजलेल्या चिंध्या दोरीला बांधून खाली सोडतो. दोर काचू नयेत म्हणून त्या काखेत धर, असे तो यिर्मयाला वरून सांगतो, आणि मग त्याला वर ओढून घेतात. इथे क्लाउट म्हणजे निव्वळ चिंधी, आजच्या अर्थाशी तिचा संबंध नाही. तरीही राजाच्या कानाशी पोचलेल्या एका माणसामुळे दुसऱ्याची सुटका होते, त्याच गोष्टीत हा शब्द सापडावा, हा योगायोग मला विसरता येत नाही.

चौदाव्या शतकापासून क्लाउटला ‘फटका, ठोसा’ असाही अर्थ आला. अमेरिकेत बेसबॉलमधल्या लांब फटक्याला क्लाउट म्हणू लागले, आणि बेब रूथ या खेळाडूला ‘कलोसस ऑफ क्लाउट’ असे बिरुद मिळाले. राजकीय अर्थ शिकागोत रुजला. हॅरॉल्ड गॉसनेल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचे शिकागोच्या पक्षयंत्रणेवरचे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले, त्यात हा शब्द याच अर्थाने येतो : केवळ गुणांवर कोणी पुढे जात नाही, मागून क्लाउट असावा लागतो.

माझे दोन प्रश्न आहेत. ठिगळापासून फटक्यापर्यंत आणि फटक्यापासून ओळखीपर्यंत हा शब्द कसा पोचला असावा? आणि मुकादमाचा तो प्रश्न मराठीत कसा विचारावा?

बारव

पानगळताई, आपल्या पहिल्या प्रश्नावर लिहितो. चिंधी आणि ठोसा या दोन टोकांमध्ये अंतर दिसते ते आपण चिंधीला मऊ समजतो म्हणून. मूळ अर्थ चिंधी नाही, ठिगळ आहे, आणि ठिगळ चामड्याचे किंवा पत्र्याचे असेल तर ते ठोकूनच बसवावे लागते. त्याच बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात गिबोनचे लोक दुरून आल्याची बतावणी करण्यासाठी जुने, ठिगळ लावलेले जोडे घालून येतात. त्या जोड्यांसाठी ‘क्लाउटेड’ हेच विशेषण आहे. चांभार ठिगळ लावतो तेव्हा हातोडीचा आवाज येतोच.

मराठीत याला अगदी जवळचे उदाहरण आहे, ते म्हणजे थाप. आपण गोवरी थापतो, भाकरी थापतो, भिंतीवर गिलावा थापतो. ही सारी एखादी वस्तू दुसऱ्या पृष्ठभागावर बसवण्याची कामे आहेत. पाठीवर थाप देतो आणि तबल्यावर थाप मारतो, ते आघात आहेत. चिकटवणे आणि मारणे एकाच धातूत नांदतात, कारण हाताची हालचाल एकच असते. क्लाउटच्या बाबतीतही असेच घडले असावे, असे माझे मत आहे.

फटक्यापासून राजकारणाकडे जाणारी वाट त्याहून सोपी आहे. ज्याच्या हातात जोर, त्याच्या शब्दात जोर. आपणही ‘त्याच्या शब्दाला धार आहे’, ‘वजन आहे’, ‘जोर आहे’ असेच म्हणतो. मात्र अमेरिकेतल्या चोरांच्या बोलीत क्लाउट या क्रियापदाचा अर्थ चोरणे, उचलणे असाही होता, आणि त्याआधी इंग्लंडमधल्या खिसेकापूंच्या भाषेत क्लाउट म्हणजे हातरुमाल होता. शिकागोच्या रस्त्यांवर हे दोन्ही प्रवाह एकमेकांच्या शेजारी वाहत होते. राजकीय अर्थाचा उगम मी फटक्यातच मानतो, पण त्या शब्दाला जो किंचित काळा रंग आहे, तो चोरबोलीच्या सहवासाने आला असल्यास मला नवल वाटणार नाही.

कौलारू

मी १९९१ पासून शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो. इथल्या जुन्या लोकांना हा शब्द सैल वापरलेला आवडत नाही. माइक रॉयको हे इथले फार मोठे स्तंभलेखक होते, त्यांना १९७२ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. देशभरातली मासिके ज्याला-त्याला ‘क्लाउट असलेला’ म्हणू लागली, तेव्हा त्यांनी एक पूर्ण स्तंभ केवळ या शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की अधिकार आणि क्लाउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला हुकूम देण्याचा हक्क आहे, त्याने हुकूम दिला तर तो क्लाउट नव्हे. नियम तुमच्यासाठी वाकवू शकेल अशा माणसाशी तुमची ओळख असणे, हा क्लाउट.

त्या काळची व्यवस्था समजल्याशिवाय हे कळत नाही. रिचर्ड जे. डेली १९५५ पासून डिसेंबर १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत महापौर होते. शहराचे ५० प्रभाग आहेत, आणि प्रत्येक प्रभागात डेमोक्रॅटिक पक्षाचा एक कमिटीमन असे. त्याच्या चिठ्ठीवर शहराच्या आणि कूक काउंटीच्या हजारो नोकऱ्या मिळत. नोकरी मिळालेल्याने निवडणुकीत आपल्या गल्लीतली मते घराघरांतून गोळा करून द्यायची. मते कमी पडली तर नोकरी धोक्यात. म्हणून मुकादमाने ‘कोण’ विचारणे ही चौकशी नव्हती, ती नोंद होती. तुझ्यावर ओरडायचे झाले तर आधी कोणाला विचारावे लागेल, हे त्याला जाणून घ्यायचे होते.

ॲबनर मिक्वा यांची आठवण इथे सर्वांना पाठ आहे. १९४८ साली, कायद्याचे विद्यार्थी असताना, ते ॲडलाय स्टीव्हन्सन आणि पॉल डग्लस यांच्या प्रचारासाठी विनामोबदला काम करायला म्हणून प्रभागाच्या पक्ष कार्यालयात गेले. कमिटीमनने विचारले, तुला कोणी पाठवले? कोणीही नाही, असे त्यांनी सांगितले. त्यावर उत्तर आले, की ज्याला कोणी पाठवलेले नाही असा कोणी आम्हाला नको. मूळ इंग्रजी वाक्यात नकारावर नकार असे चढवलेले आहेत, की ते व्याकरणात बसत नाही आणि म्हणूनच विसरता येत नाही. पुढे मिक्वा काँग्रेसचे सदस्य झाले, केंद्रीय न्यायाधीश झाले, अध्यक्ष क्लिंटन यांचे विधी सल्लागार झाले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी जोडून सांगत नाही. २००९ च्या मे महिन्यात ‘शिकागो ट्रिब्यून’ने उघड केले, की इलिनॉय विद्यापीठात आमदार आणि विश्वस्त यांच्या शिफारशी असलेल्या अर्जदारांची वेगळी यादी ठेवली जात होती, आणि पाच वर्षांत त्या यादीत सुमारे ८०० विद्यार्थी होते. वृत्तपत्राने तिला सरळ क्लाउट यादी म्हटले. चौकशीसाठी राज्यपालांनी जो आयोग नेमला त्याचे अध्यक्ष ॲबनर मिक्वा होते. विद्यापीठाच्या अध्यक्षांना आणि कुलपतींना त्या वर्षी पद सोडावे लागले. ज्यांना साठ वर्षांपूर्वी ‘कोणी पाठवले’ हा प्रश्न विचारला गेला होता, त्यांनीच तो प्रश्न विद्यापीठाला विचारला, हे वाचताना मी हातातला चहा खाली ठेवला होता.

मायकेल शॅकमन या वकिलांचेही नाव घ्यायला हवे. त्यांनी १९६९ साली या नोकरवाटपाविरुद्ध दावा लावला. राजकीय कारणावरून कामावरून काढण्यास १९७२ च्या आदेशाने बंदी आली, आणि राजकीय कारणावरून नोकरी देण्यास १९८३ च्या आदेशाने. तुमचे गृहस्थ नोकरीला कधी लागले ते पाहावे, पानगळताई. १९८३ च्या आधी लागले असतील तर मुकादमाने तो प्रश्न उघड, सर्वांसमोर विचारला असेल. नंतर लागले असतील तर आवाज खाली आणून.

दर्यावर्दी

मी रत्नागिरी जिल्ह्यातला असून २२ वर्षे आखातात नोकरी केली. आमच्याकडे या गोष्टीला वास्ता म्हणतात, आणि हा शब्द तिथे गेलेल्या प्रत्येक कोकणी माणसाला पहिल्या महिन्यात कळतो. वाहन परवान्याच्या रांगेत आपला क्रमांक मागे राहतो आणि कोणाचा तरी कागद खिडकीमागून आत जातो, तेव्हा रांगेतला शेजारी हा एकच शब्द उच्चारतो.

मराठीतला वशिला आणि हा वास्ता एकच आहेत, असे अनेक जण समजतात. ते खरे नाही, आणि हा फरक पानगळताईंच्या कामाचा आहे. वशिला हा अरबी वसीला या शब्दापासून फारसीमार्गे मराठीत आला. वसीला म्हणजे पोचण्याचे साधन. कुराणात ईश्वराकडे जाण्यासाठी वसीला शोधा, असे म्हटले आहे, आणि अजाननंतरच्या दुआमध्येही हा शब्द येतो. माझ्या आजीच्या तोंडी तो फार पवित्र शब्द होता. वास्ता वेगळ्या धातूपासून आला, त्या धातूचा अर्थ मध्य, मधोमध. हिंदीतला ‘वास्ता’ त्याच कुळातला. म्हणजे वशिल्याचे लक्ष आपण कुठे पोचतो याकडे आहे, आणि वास्त्याचे लक्ष मध्ये कोण उभा आहे याकडे. आखातात ‘माझा वास्ता अमुक आहे’ असे माणसाचे नाव घेऊन सांगता येते. शिकागोचा क्लाउट मला वशिल्यापेक्षा वास्त्याच्या जवळचा वाटतो.

कौलारू

दर्यावर्दी, हे फार मोलाचे सांगितलेत. त्यात भर घालतो. न्यूयॉर्कच्या पोलीस दलात वरिष्ठ पाठीराख्याला ‘रब्बाय’, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणत, मग तो आयरिश कॅथलिक असला तरीही. आणि दुसरा शब्द ‘हुक’, म्हणजे आकडा. हुक ऐकले की मला आपला लग्गा आठवतो. हिंदीत लग्गा म्हणजे उंचावरचे फळ पाडायचा लांब बांबू, आणि आपण मंत्रालयात लग्गा लावतो. हात पोचत नाही तिथे आकडा घालून ओढायचे, ही कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेली दिसते.

उंबरठा

मी एका निमसरकारी कार्यालयात ३४ वर्षे लिपिक होते. शब्दांच्या उगमाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही, पण हा प्रश्न मराठीत कसा विचारला जातो हे मी रोज ऐकले आहे, म्हणून लिहिते.

तो ‘कोणाकडून आलात?’ असा विचारला जातो.

१९८७ मध्ये मी स्वतः पहिल्यांदा त्या कार्यालयात गेले, तेव्हा आवक टेबलावरच्या गृहस्थांनी माझा अर्ज घेतला नाही. त्यांनी पेनाचे टोपण काढले, पॅडवर तारीख घातली आणि वर न पाहता विचारले, ‘कोणाकडून आलात?’ मला वाटले ते गाव विचारत आहेत. मी गावाचे नाव सांगितले. त्यांनी टोपण परत लावले. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच सांगितले, की ते साहेबांचे किंवा पुढाऱ्याचे नाव विचारत होते. माझी निवड पुढे परीक्षेतूनच झाली, पण ते टोपण लावल्याचा बारीक आवाज मला अजून आठवतो, आणि मी स्वतः आवक टेबलावर बसले ती सर्व वर्षे, कोणालाही तो प्रश्न विचारला नाही.

नोकरीत आल्यावर दुसरा शब्द कळला. शिफारशीने आलेल्याला पाठीमागे ‘वशिल्याचे तट्टू’ म्हणत. त्यात ज्याचा वशिला आहे त्याला कोणी काही म्हणत नाही, ज्याला लावला आहे त्यालाच तट्टू म्हणतात, हे मला तेव्हाही खटकत असे.

सांजवात

माझ्या पिढीसाठी एक छोटी भर. आमच्या वयाच्या मुलांना क्लाउट हा शब्द शिकागोमार्गे नाही, हिपहॉप आणि समाजमाध्यमांमार्गे कळला. तिथे त्याचा अर्थ प्रसिद्धी, अनुयायांची संख्या. कोणाच्या तरी नावावर चर्चेत येऊ पाहणाऱ्याला ‘क्लाउट चेसर’ म्हणतात. ‘के’ अक्षराने लिहिलेली क्लाउट नावाची एक सेवा २००८ साली सुरू झाली होती, ती माणसाच्या ऑनलाइन प्रभावाला १ ते १०० असे गुण देत असे. २५ मे २०१८ रोजी ती बंद झाली. म्हणजे शिकागोत जो ‘कोण’ होता, तो इथे पुन्हा ‘किती’ झाला.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. सांजवात, आपल्या शेवटच्या वाक्याने माझ्या डोक्यातला गुंता बराचसा सुटला. एकाच शब्दाच्या दोन बाजू आहेत : एक स्वतःची, मोजता येणारी, तिला मराठीत वजन किंवा वट म्हणावे, आणि दुसरी दुसऱ्याकडून उसनी मिळालेली, तिला वशिला किंवा पाठबळ. गॉसनेल यांच्या पुस्तकातला ‘मागून’ हा शब्द आपल्या ‘पाठबळ’मध्ये आधीपासूनच बसलेला आहे, हे मला आधी दिसले नव्हते. आपल्या वृत्तपत्रांत क्लाउटसाठी सरसकट ‘दबदबा’ लिहितात, त्यात ही दुसरी बाजू पूर्ण हरवते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मराठीजवळ दोन्ही बाजूंसाठी चांगले शब्द आहेत.

कौलारूकाका, मुलाखतीत वर्ष दिलेले आहे. ते १९७१ मध्ये नोकरीला लागले. म्हणजे प्रश्न उघडच विचारला गेला असणार.

आता माझे पर्याय सांगते. ‘तुझा वशिला कोणाचा?’ हे शुद्ध आणि स्वाभाविक मराठी आहे, पण त्यात ‘कोण’चा ‘कोणाचा’ होतो आणि माणूस पुन्हा वशिल्याच्या मागे जातो. ‘तुझा गॉडफादर कोण?’ हे आपल्याकडे सर्रास बोलतात, पण शिकागोच्या संदर्भात तो शब्द वाचकाला वेगळ्याच जगात नेईल. ‘तुझा माणूस कोण?’ हे मला आवडले होते.

बारव

‘तुझा माणूस’ म्हटले की मराठीत तो हाताखालचा किंवा बरोबरीचा वाटतो. ‘तिथे आपला माणूस आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तो आपले काम करून देणारा असतो, आपल्यावर उपकार ठेवणारा नाही. क्लाउट वर असतो आणि त्याची परतफेड करावी लागते. म्हणून ‘वरचा’ हा शब्द आल्याशिवाय चालणार नाही, असे मला वाटते. ‘तुझा वरचा कोण?’

उंबरठा

बारव यांचे म्हणणे पटते, परंतु आमच्या कार्यालयात ‘वरचा’ म्हणजे थेट वरिष्ठ, कागदोपत्री साहेब. मुकादमाला कागदावरचा साहेब माहीतच होता. त्याला कागदावर नसलेला हवा होता. शिवाय मुकादम नव्या पोराशी सहा वाजता बोलतो आहे. तो ‘आलात’ म्हणणार नाही, ‘आलास’ म्हणेल.

पानगळ

उंबरठाताई, आपण दिलेला प्रश्नच घेते. ‘कोणाकडून आलास?’ यात क्लाउट हा शब्द राहत नाही, पण पुढच्याच परिच्छेदात ते गृहस्थ स्वतःच त्याचा अर्थ समजावतात, तिथे मूळ शब्द ठेवून ‘वशिला’ जोडता येतो. सोयीची गोष्ट अशी, की इंग्रजी मजकुरात त्यांनाही आधी प्रश्न कळलेला नाही. त्यांनी राहत्या रस्त्याचे नाव सांगितले होते, आणि मुकादमाने कागद घडी करून त्यांच्या हातात परत दिला होता.